मध्यमवयात अ‍ॅक्युपंक्चर आणि स्पर्शोपचारांकडे वळताना

चाळिशी ओलांडल्यावर अ‍ॅक्युपंक्चरकडे, किंवा मसाज, शियात्सू, ट्वीना यांसारख्या स्पर्शोपचारांकडे वळणारी बरीचशी माणसे आधी रुग्ण म्हणूनच तेथे पोहोचलेली असतात. वर्षानुवर्षे छळणारी मान किंवा कंबर काही बैठकांनंतर हलकी होते, कुणीतरी घाई न करता आपले सगळे ऐकून घेतले याचे समाधान मिळते, आणि हेच काम आपणही करावे हा विचार मनात घर करतो. हा विचार खोटा नसतो. मात्र आराम मिळाल्याची कृतज्ञता आणि दुसऱ्याला आराम देण्याच्या कामाची ओढ या निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली कितीही उत्कट असली तरी तिच्यावरून दुसरीची खात्री करता येत नाही. नोकरीचा राजीनामा देण्याआधी आणि दीर्घ अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधी ही खात्री करून घ्यायची असेल, तर आपल्या हातांना ते काम काही महिने देऊन पाहावे लागते. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने मांडले आहे.

आधी हातांना काम द्यावे

सुईपासून सुरुवात करू नये. सुई हाताळण्यासाठी रीतसर प्रशिक्षण आणि देखरेख लागते, पण स्पर्श शिकण्यासाठी मूलभूत मसाजचा एखादा लहान अभ्यासक्रम पुरेसा असतो आणि तो नोकरी सांभाळून करता येतो. तो पूर्ण झाल्यावर ओळखीतील तीन-चार निरोगी माणसे निवडावीत आणि त्यांच्यावर काही महिने, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, नियमितपणे काम करावे. दर वेळी नवी माणसे घेण्यापेक्षा तीच माणसे पुन्हापुन्हा घेण्यात या परीक्षेचा खरा उपयोग आहे. पहिल्या बैठकीत उत्साह सर्वांनाच असतो, परंतु तोच आखडलेला खांदा दहाव्यांदा हाताखाली आल्यावर त्याच्याविषयीचे कुतूहल टिकून आहे की आपण घड्याळाकडे पाहू लागलो आहोत, हे तेव्हाच कळते. समोरच्याला काहीच फरक पडला नाही असे त्याने सांगितल्यावर आपल्याला नेमके काय वाटते, हेही प्रामाणिकपणे टिपून ठेवावे. चुटपुट लागणे स्वाभाविक आहे. पण त्या चुटपुटीतून पुढच्या वेळी वेगळे काय करून पाहता येईल असा प्रश्न उभा राहत असेल, तर ते फार चांगले लक्षण समजावे.

बोटांची संवेदना वाढवण्याचा एक जुना सराव येथे अवश्य करावा. एका गुळगुळीत पृष्ठभागावर डोक्याचा एक केस ठेवून त्यावर पातळ कागद पसरावा आणि डोळे मिटून बोटाच्या अग्राने तो केस शोधावा. सापडल्यावर वर आणखी एक कागद ठेवावा, मग आणखी एक. कागद वाढू लागले की बोट आपोआप जास्त दाबले जाते, आणि जोर वाढला की केसाचा उंचवटा हरवून जातो, असा अनुभव येतो. हात सैल सोडून हलक्या दाबाने पुन्हा शोधल्यास तो सापडतो. स्नायूमधील ताठर पट्टा, त्वचेवरील किंचित ओलसरपणा, सांध्याजवळची उष्णता हे सारे याच हलक्या बोटाला कळते.

दुसरा सराव स्वतःच्या मनगटावर, सुई न वापरता करता येतो. नेइगुआन हा अ‍ॅक्युपंक्चरमधील अतिशय प्रसिद्ध बिंदू हाताच्या आतील बाजूस, मनगटाच्या आडव्या घडीपासून कोपराच्या दिशेने २ चुन अंतरावर, दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधोमध असतो. चुन हे शरीराचेच माप आहे. अंगठ्याच्या सांध्यापाशी मोजलेली रुंदी म्हणजे १ चुन, जुळवलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे ३ चुन आणि मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंतचे अंतर १२ चुन. हे माप उपचार घेणाऱ्याच्या शरीराचे धरायचे असते, उपचार करणाऱ्याच्या बोटांचे नाही. त्यामुळे उंच माणसाचे आणि लहान मुलाचे २ चुन सारखे नसतात. मूठ अर्धवट वळून मनगट किंचित आत वाकवल्यास दोन्ही कंडरा उठून दिसतात. काही माणसांत त्यांपैकी पाल्मारिस लॉन्गस ही कंडरा जन्मतःच नसते, आणि मग बिंदू केवळ मापावर आणि स्पर्शावर शोधावा लागतो. तेथेच खाली मीडियन नर्व्ह ही मोठी चेता असते. चार-पाच निरनिराळ्या माणसांच्या मनगटांवर हा एकच बिंदू शोधण्यात एक संध्याकाळ आनंदाने जात असेल, तर पुढच्या अभ्यासाची चिंता फारशी करावी लागणार नाही. उलट, अर्ध्या तासात कंटाळा आला, तर ची, म्हणजे शरीरातील प्राणशक्ती, आणि मेरिडियन, म्हणजे ती जेथून वाहते असे मानतात ते मार्ग, यांचे तत्त्वज्ञान आपल्याला आवडते पण प्रत्यक्ष काम आवडत नाही, असे असू शकते. आणि हे आधी कळणे हिताचे आहे.

वय कोठे उपयोगी पडते आणि कोठे आड येते

मध्यमवयीन विद्यार्थ्याजवळ ऐकण्याची सवय असते. स्वतः आजारपण पाहिलेले असते, कुणाची तरी शुश्रूषा केलेली असते, आणि माणूस ‘पाठ दुखते’ असे म्हणतो तेव्हा त्यामागे आणखी काही असू शकते हे ठाऊक असते. आधीचा व्यवसायही वाया जात नाही. शिक्षकाला समजावून सांगता येते, हिशेब पाहणाऱ्याला नोंदी ठेवण्याची शिस्त असते, परिचारिकेला निर्जंतुकीकरण वेगळे शिकवावे लागत नाही. स्पर्शोपचारांच्या इतिहासात याची मोठी उदाहरणे आहेत. आयडा रॉल्फ यांनी १९२० मध्ये जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. ‘रॉल्फिंग’ या नावाने ओळखली जाणारी, खोल दाबाने शरीराची ठेवण सुधारू पाहणारी दहा बैठकांची पद्धत त्यांनी पुढच्या काही दशकांत घडवली आणि १९७१ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत असताना, अमेरिकेतील बोल्डर येथे तिची संस्था उभी राहिली. मोशे फेल्डेनक्राईस हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते होते. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने त्यांना हालचालींच्या अभ्यासाकडे नेले, आणि त्यातूनच त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत घडली.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, आणि पाव मिलिमीटर जाडीची सुई, त्वचेखालची बारीक शीर, छोट्या अक्षरांतील तक्ते हे सगळे जवळचेच काम आहे. चष्म्याचा नंबर कामाच्या अंतराप्रमाणे करून घ्यावा आणि टेबलाजवळ सावली न पडणारा प्रकाश ठेवावा. असे असले तरी या विद्येत दृष्टीपेक्षा बोटे मोठी आहेत. सतराव्या शतकातील जपानी अ‍ॅक्युपंक्चरतज्ज्ञ सुगियामा वाइची अंध होते, आणि सुई नळीतून हलकेच टिचकी मारून त्वचेत शिरवण्याच्या पद्धतीचे श्रेय त्यांनाच दिले जाते. ती मार्गदर्शक नळी आज सर्वत्र वापरात आहे.

अंगठ्यांची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. मसाज करणाऱ्यांचे व्यवसाय अनेकदा अंगठा आणि मनगट यांच्या दुखण्यामुळे अडतात, आणि सांध्यांची झीज सुरू झालेल्या वयात तर याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. दाब अंगठ्याच्या जोरावर न देता शरीराचे वजन पुढे झुकवून द्यावा, अंगठ्याऐवजी मुठीचा किंवा कोपराखालच्या हाताचा वापर करावा, सांधा मागे वाकलेला असताना त्यावर भार घेऊ नये. टेबलाची उंची ठरवण्याचा सोपा मार्ग असा, की त्याच्या शेजारी ताठ उभे राहून हात सैल सोडावा आणि मूठ वळावी. बोटांची पेरे टेबलाला जेमतेम टेकली तर बहुतेक कामांसाठी उंची योग्य आहे. शियात्सू परंपरेने जमिनीवरील गादीवर करतात, त्यामुळे ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तो अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी तासभर गुडघ्यांवर काम करून पाहावे.

शिक्षण निवडताना

येथे घाई सर्वांत महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरचे मूलभूत प्रशिक्षण आणि सुरक्षितता यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वैद्यकीय पदवी नसलेल्यांच्या पूर्ण प्रशिक्षणासाठी त्यांत २५०० तास सुचवले आहेत आणि त्यांपैकी किमान १००० तास प्रात्यक्षिक व रुग्णकामाचे असावेत असे म्हटले आहे. पात्र डॉक्टरांसाठी पूर्ण प्रशिक्षण १५०० तासांचे आहे. जपानमध्ये अ‍ॅक्युपंक्चरसाठी किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०१२ पासून चिनी वैद्यकाच्या व्यावसायिकांना राष्ट्रीय नोंदणी सक्तीची आहे. अमेरिकेत परवाना राज्यानुसार मिळतो, तर ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन मुख्यतः स्वेच्छेने स्वीकारलेल्या व्यावसायिक नोंदणीतून होते. मसाजचे नियम याहूनही विखुरलेले आहेत. म्हणून अभ्यासक्रम निवडण्याआधी, ज्या ठिकाणी व्यवसाय करायचा आहे तेथील नियामक संस्थेकडे लेखी विचारणा करावी: हे प्रमाणपत्र घेऊन मला सुई वापरण्याची परवानगी मिळेल का? संस्थेच्या माहितीपत्रकातील आश्वासन हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

थोड्या दिवसांत ‘प्रमाणित अ‍ॅक्युपंक्चरतज्ज्ञ’ करणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. मध्यमवयीन माणसाला ते मोहात पाडतात, कारण आपल्याजवळ वेळ कमी आहे अशी धास्ती त्याच्या मनात असते. ती धास्ती समजण्यासारखी आहे, पण पंचेचाळिसाव्या वर्षी चार वर्षे शिकून पुढे दीड-दोन दशके आत्मविश्वासाने काम करणे हा, दोन आठवड्यांत शिकून उरलेला काळ भीतभीत काम करण्यापेक्षा कितीतरी चांगला हिशेब आहे.

संस्थेला भेट देऊन नेमके प्रश्न विचारावेत. विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती रुग्णांवर उपचार करतो, त्या वेळी शिक्षक त्याच खोलीत असतो का, शरीररचना कोण शिकवते, रुग्णाला डॉक्टरकडे केव्हा पाठवायचे याची वेगळी परीक्षा होते का, आणि गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी किती जण आज प्रत्यक्ष व्यवसायात आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर त्या माजी विद्यार्थ्यांना शोधून त्यांनाच भेटावे.

अभ्यासाचा भार पाठांतराचा वाटतो. १४ मेरिडियनांवर ३६१ प्रमाणित बिंदू आहेत, प्रत्येकाचे नाव, स्थान, खोली, दिशा आणि धोके आहेत. तक्त्यावरून ते पाठ करण्याचा प्रयत्न मध्यमवयात लवकर थकवतो. त्यापेक्षा रोज एका मेरिडियनचा एक तुकडा घेऊन तो स्वतःच्या किंवा सहाध्यायाच्या अंगावर बोटाने चालत जावा, प्रत्येक बिंदूवर थांबून खाली कोणते हाड, कोणता स्नायू, कोणती रक्तवाहिनी आहे ते मोठ्याने म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी पेनने खुणा करून पुस्तकाशी ताडून पाहावे. सुई धरण्याचा सराव आधी कागदाच्या जाड घडीवर आणि कापसाच्या घट्ट गोळ्यावर, नंतर शिक्षकासमोर स्वतःच्या पायावर केला जातो. गुडघ्याच्या बाहेरील खोबणीपासून ३ चुन खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर असलेला झुसानली हा बिंदू त्यासाठी बहुतेक ठिकाणी निवडतात, कारण तेथे स्नायू भरपूर आहे. सुई योग्य खोलीवर पोहोचल्यावर जो जडपणा, भरल्यासारखी किंवा पसरत जाणारी दुखरी जाणीव होते, तिला ‘द-ची’ म्हणतात. ती आधी स्वतःच्या शरीरात ओळखल्याशिवाय दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ओळखता येत नाही.

काय सांगावे आणि काय सांगू नये

या क्षेत्रात येणाऱ्याने उपलब्ध पुरावा न घाबरता वाचावा. जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या चाचणीत सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के, चुकीच्या जागी वरवर लावलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय फायदा झाला. याचा अर्थ सुई लावण्याच्या संपूर्ण अनुभवाचा रुग्णाला उपयोग झाला, पण नेमक्या बिंदूचे श्रेय आपण समजतो त्यापेक्षा कमी निघाले. दोन्ही अर्ध्या भागांचा स्वीकार करता येणारा माणूसच या व्यवसायात रुग्णाशी सरळ बोलू शकतो, असे माझे मत आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने शस्त्रक्रियेनंतरची व केमोथेरपीमुळे होणारी मळमळ आणि दातांच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना यांत अ‍ॅक्युपंक्चरची परिणामकारकता मान्य केली. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी शिफारशी करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे दुसऱ्या आजाराने पुरती उलगडत नाही अशा वेदनेसाठी, अ‍ॅक्युपंक्चरचा एक मर्यादित कोर्स विचारात घ्यावा असे म्हटले आहे.

म्हणून वेदना, ताण, झोप, मळमळ यांविषयी ‘अनेकांना आराम मिळतो, आपण काही बैठका करून पाहू’ असे म्हणावे. कर्करोग, मधुमेह, वंध्यत्व किंवा अर्धांगवायू बरा करतो असे कधीही म्हणू नये, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध थांबवण्याचा सल्ला तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

सुरक्षितता

शिकाऊ माणसाने सर्वांत जास्त वेळ येथे घालवावा. मानेच्या मुळाशी आणि खांद्याच्या टोकाशी असलेल्या ठिकाणांच्या मधोमध जियानजिंग हा बिंदू आहे. आखडलेल्या खांद्यासाठी तो सर्रास वापरला जातो, आणि त्याच्या खालीच फुप्फुसाचे टोक असते. सुई खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा शिरून न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो. छातीत दुखणे आणि धाप लागणे ही लक्षणे काही तासांनीही सुरू होऊ शकतात, म्हणून छाती, पाठ आणि खांद्यावर सुया लावलेल्या प्रत्येक रुग्णाला, असे काही झाल्यास तातडीने रुग्णालयात जाण्याविषयी निघतानाच सांगावे. हडकुळ्या माणसात अंतर आणखी कमी असते.

पहिल्यांदा येणारा, उपाशी असलेला किंवा घाबरलेला रुग्ण बसलेल्या स्थितीत भोवळ येऊन पडू शकतो. पहिला उपचार नेहमी आडवे झोपवूनच करावा. चेहरा पांढरा पडला किंवा घाम फुटला तर ताबडतोब सर्व सुया काढून पाय उंच करावेत. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, लावताना मोजाव्यात, काढताना पुन्हा मोजाव्यात आणि न भोसकल्या जाणाऱ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. स्वतः हेपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी. रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, गर्भधारणा आहे का, पेसमेकर आहे का हे प्रश्न तोंडी विचारून शिवाय लेखी भरून घ्यावेत; पेसमेकर असलेल्याला सुयांमधून विद्युतप्रवाह देऊ नये, आणि गर्भारपणात हगु (अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला) व सानयिनजियाव (पायाच्या आतील घोट्याच्या वरचा) यांसारखे बिंदू परंपरेनेच टाळले जातात.

मसाजही निरुपद्रवी नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता धरून तिला हात न लावता रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे पाठवावे. कंबरदुखीसोबत मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा लघवी अडणे ही आणीबाणी आहे. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, कारण नसताना घटणारे वजन ही लक्षणे ऐकली की टेबलावर घेण्याआधी तपासणी करून घ्यायला सांगावे. ही यादी खोलीत डोळ्यांसमोर लावून ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

व्यवसायाची सुरुवात

आधीची नोकरी एकदम सोडू नये. शक्य असल्यास आठवड्यातील एक-दोन दिवस मोकळे करून घ्यावेत आणि एखाद्या अनुभवी व्यावसायिकाच्या चिकित्सालयात त्याच्या देखरेखीखाली काम सुरू करावे. एका दिवसात स्पर्शोपचाराच्या चार-पाच पूर्ण बैठकांपेक्षा जास्त काम सुरुवातीला घेऊ नये, कारण हातांची क्षमता मनाच्या उत्साहापेक्षा सावकाश वाढते. अ‍ॅक्युपंक्चर, क्रेनिओसेक्रल, रिफ्लेक्सॉलॉजी, अरोमा अशी सगळी नावे पाटीवर लिहिण्याचा मोह आवरून जे खरोखर येते तेवढेच लिहावे.

स्पर्शाच्या व्यवसायात संमती ही दर वेळी नव्याने घ्यायची गोष्ट आहे. कोणत्या भागावर काम करणार, कोणते कपडे काढावे लागतील, उरलेले शरीर चादरीने कसे झाकलेले राहील, हे रुग्ण उभा असतानाच, पूर्ण कपड्यांत असताना सांगावे, आणि तो कपडे बदलत असताना खोलीबाहेर जावे. उपचार मध्येच थांबवायला सांगण्याचा त्याचा अधिकार त्याला शब्दांत सांगितलेला असावा. स्पर्शाने काही माणसांना रडू येते. अशा वेळी हात स्थिर ठेवावा, थांबू का असे विचारावे, आणि आपण मानसोपचारतज्ज्ञ नाही हे लक्षात ठेवून अर्थ सांगत बसू नये.

नोंदी बारकाईने ठेवाव्यात. ‘बरे वाटले’ ही नोंद निरुपयोगी आहे. मान उजवीकडे वळवताना हनुवटी कोठपर्यंत जाते, सलग किती वेळ बसता येते, रात्री किती वेळा जाग येते, वेदनाशामक गोळी आठवड्यातून किती वेळा घ्यावी लागते, असे मोजता येणारे काहीतरी पहिल्याच भेटीत लिहून ठेवावे आणि किती बैठकांनंतर पुन्हा मोजायचे तेही रुग्णासमोरच ठरवावे. बहुतेक दुखण्यांसाठी चार ते सहा बैठका हा रास्त टप्पा आहे. त्या टप्प्यावर आकडे हलले नसतील, तर पैसे घेत राहण्याऐवजी तसे स्पष्ट सांगून फिजिओथेरपिस्टकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवावे, आणि सोबत आपण काय केले व काय आढळले याची एक पानी चिठ्ठी द्यावी. अशा चिठ्ठ्या वाचणारे डॉक्टर पुढे स्वतःहून रुग्ण पाठवू लागतात. नोकरी पूर्णपणे सोडण्याचा विचार करताना नव्या रुग्णांच्या संख्येपेक्षा, अशा प्रकारे कुणीतरी पाठवल्यामुळे किंवा पूर्वीच्या रुग्णाने सांगितल्यामुळे येणाऱ्यांनी आपले मोकळे दिवस सलग काही महिने भरलेले आहेत का, हे आधी पाहावे.